रोग्याच्या वाट्याची हवा

या व्यासपीठावरून आजवर इतिहासाची जाणती माणसे बोलून गेली. आम्ही इतिहासकार नाही आणि वास्तुशास्त्र तर कोणत्याही विद्यालयात शिकलो नाही. आमची शाळा सुटली ती १९८२ च्या गिरणी संपात. वडील साचेखात्यात होते. संप लांबला, घरातली भांडी मोडीत निघाली आणि आम्ही पुस्तके मिटून चहाच्या दुकानात कामाला लागलो. पुढे जे काही वाचले ते युनियनच्या कचेरीतल्या एका कपाटातले आणि सार्वजनिक वाचनालयातले. तेव्हा हा माणूस जुन्या रुग्णालयांच्या इमारतींविषयी काय सांगणार, असे म्हणून कुणी नाक मुरडले तर आमची तक्रार नाही. तथापि या विषयावर आमचाही थोडा हक्क आहे. गेली पंचवीसएक वर्षे रुग्णालयांतील वॉर्डबॉय, आया, सफाई कामगार आणि स्वयंपाकघरातले नोकर यांच्या संघटनेचे काम आम्ही करीत आलो आहोत. रुग्णालयाची इमारत पुढून पाहणारे पुष्कळ आहेत. आम्ही ती मागच्या जिन्याने पाहिली आहे.

मुंबईच्या जुन्या इमारतींचे कौतुक होते तेव्हा लोक बोरीबंदरचे स्टेशन दाखवतात, हायकोर्ट दाखवतात, विद्यापीठाचा मनोरा दाखवतात. २०१८ साली या परिसराला जागतिक वारशाचा मानही मिळाला. ते सारे योग्यच आहे. पण न्यायालयाची खिडकी चुकीच्या जागी बसली तर फार तर वकिलाला घाम येतो. रुग्णालयाची खिडकी चुकली तर माणूस मरतो. म्हणून सार्वजनिक इमारतींत रुग्णालयाचा इतिहास वेगळा वाचला पाहिजे. कमान गॉथिक की रोमन, हा प्रश्न तेथे दुय्यम आहे. पहिला प्रश्न असा की, या भिंतींच्या आत पडलेल्या माणसाच्या वाट्याला हवा किती आली? आणि त्याला लागूनच दुसरा प्रश्न येतो: ती कोणाच्या वाट्याला आली आणि कोणाच्या नाही?

प्रारंभ दूर पॅरिसपासून करावा लागेल. तेथे नोत्र दामच्या मंदिरालगत ओतेल दिय नावाचे शेकडो वर्षांचे धर्मार्थ रुग्णालय होते. १७७२ च्या अखेरीस त्याला मोठी आग लागली. ते पुन्हा कसे बांधावे याचा खल पुढे अनेक वर्षे चालला. त्या खलात तेनों नावाच्या एका शल्यवैद्याने १७८८ साली जो अहवाल प्रसिद्ध केला तो वाचताना अंगावर काटा येतो. एकेका खाटेवर चार-चार, सहा-सहा रोगी. तापाचा, जखमेचा, बाळंतीण, मरणासन्न, सारे एकत्र. तेनों आणि त्याच्या सोबतच्या पंडितांनी सुचवले की एकच अजस्र इमारत बांधू नका. स्वतंत्र, लांबट, एकमेकींपासून अंतर राखून उभ्या असलेल्या इमारती बांधा, म्हणजे दोन्ही बाजूंनी वारा खेळेल. लगेच राज्यक्रांती झाली, मागून युद्धे आली, आणि ही कल्पना नीट उतरलेले लारिबोआझिएर रुग्णालय पॅरिसमध्ये पुरे झाले ते १८५४ साली. कागदावरची एक चांगली गोष्ट दगडात यायला साठ-पासष्ट वर्षे लागली. युनियनच्या माणसाला याचे नवल वाटत नाही.

त्याच वर्षी क्रिमियाचे युद्ध पेटले होते. जखमी इंग्रज शिपायांना स्कुटारी येथे तुर्कांच्या एका प्रचंड बराकीत आणून टाकीत. बराक दिसायला भव्य होती, पण तिच्या पोटाखाली तुंबलेली गटारे होती. १८५५ च्या फेब्रुवारीत तेथे दाखल झालेल्यांपैकी शेकडा ४२ माणसे दगावली. मार्चमध्ये सरकारने पाठवलेल्या आरोग्य मंडळाने गटारे धुऊन काढली, भिंतींना चुना दिला, हवा खेळती केली. उन्हाळ्यापर्यंत मृत्यूचे प्रमाण शेकडा दोनाच्या आसपास उतरले. औषध तेच होते, वैद्य तेच होते आणि परिचारिकाही त्याच होत्या. बदलली होती ती इमारत. फ्लॉरेन्स नाइटिंगेल या बाई तेथेच होत्या. हातात दिवा घेतलेली त्यांची तसबीर आपण शाळेत पाहिलेली असते. पण त्या आकड्यांच्या बाई होत्या हे शाळेत कोणी सांगत नाही. घरी परतल्यावर त्यांनी मृत्यूंचे तक्ते मांडले आणि त्यांतून निघालेला निष्कर्ष असा की, शत्रूच्या गोळीपेक्षा वाईट घराने जास्त शिपाई मारले.

१८५९ साली त्यांनी रुग्णालयांच्या रचनेवर पुस्तक लिहिले. त्यातला वॉर्ड कसा असावा हे आपण समजून घेऊ, कारण तोच वॉर्ड पुढे मुंबई-पुण्यात अवतरला. दालन लांब आणि अरुंद असावे. खाटा तीसच्या आसपास, दोन्ही लांब भिंतींना लागून. खिडक्या समोरासमोर, जवळजवळ जमिनीपासून छतापर्यंत पोचणाऱ्या, म्हणजे एका बाजूने शिरलेला वारा रोग्याच्या अंगावरून न रेंगाळता दुसरीकडून बाहेर पडेल. छत पंधरा-सोळा फूट उंच, कारण तापलेली, वापरलेली हवा वर चढते. परिचारिकेची खोली दाराशी, म्हणजे तिची नजर साऱ्या वॉर्डावरून फिरेल. संडास व मोऱ्या अगदी दुसऱ्या टोकाला, मध्ये हवेशीर बोळ ठेवून. अशी दालने समांतर उभी करायची आणि एका लांब मार्गिकेने जोडायची. वूलिच येथील लष्करी रुग्णालय १८६५ साली या पद्धतीने उभे राहिले. लंडनमध्ये टेम्स नदीच्या काठी पार्लमेंटसमोर सेंट टॉमस रुग्णालयाच्या सात इमारती ओळीने उभ्या राहिल्या आणि १८७१ साली ते रुग्णालय उघडले.

आता यातील एक गंमत सांगितली पाहिजे. या साऱ्या रचनेमागचा सिद्धान्त चुकीचा होता! त्या काळी पुष्कळांची समजूत अशी होती की रोग दूषित हवेतून, कुजक्या वासातून आपोआप उपजतात. नाइटिंगेल बाईंचाही स्पर्शजन्य रोगांच्या कल्पनेवर फारसा विश्वास नव्हता. रॉबर्ट कॉखने क्षयाचा जंतू दाखवला तो १८८२ साली. तोवर अशी रुग्णालये बांधून झाली होती. कारण चुकीचे आणि उपाय बरोबर, असे इतिहासात अनेकदा होते. एखाद्या आजीने पाण्याला नजर लागू नये म्हणून ते उकळले, तरी पोरांची हगवण थांबतेच. जंतू सापडल्यावर मात्र काही लोकांना वाटू लागले की आता खिडक्यांची गरज काय, औषध आहे, जंतुनाशक आहे. या गैरसमजाची किंमत आपण अजून मोजतो आहोत. त्याकडे पुढे येऊ.

हिंदुस्थानात या विचाराने पहिला प्रवेश केला तो छावणीतून. १८६३ साली इंग्रज सैन्याच्या आरोग्यासंबंधीच्या शाही आयोगाचा अहवाल निघाला. येथे दर हजारी ६९ गोरे शिपाई दरसाल मरत होते, असा त्याचा हिशेब. शिपाई महाग होता, म्हणून त्याच्या हवेची चिंता आधी झाली. हे आम्ही कडवटपणे म्हणत नाही. ज्याच्या मरणाने सत्तेचे नुकसान होते त्याचे छत आधी उंच होते, एवढेच नोंदवून ठेवतो. बाकी उष्ण देशात वारा कसा घ्यावा हे इकडच्या गवंड्याला कुणी शिकवण्याची गरज नव्हती. वाड्याची ओसरी, कोकणातल्या घराची पडवी, मधला चौक ही सगळी त्याचीच विद्या. गोऱ्या इंजिनियराचा नकाशा आणि देशी कारागिराचा व्हरांडा यांची गाठ पडली आणि आपली जुनी रुग्णालये तयार झाली.

मुंबईचे सर जमशेटजी जीजीभाई रुग्णालय आणि ग्रँट मेडिकल कॉलेज ही जोडी त्याआधीची, १८४५ सालची. गव्हर्नर रॉबर्ट ग्रँट यांच्या स्मरणार्थ कॉलेज निघाले आणि जमशेटजींच्या देणगीने रुग्णालय उभे राहिले. १८५१ साली तेथून जी पहिली तुकडी बाहेर पडली तिच्यात आपले डॉ. भाऊ दाजी लाड होते. पुण्यात डेव्हिड ससून यांच्या देणगीतून ससून रुग्णालय १८६७ साली पुरे झाले. त्याचा नकाशा कर्नल विल्किन्स यांचा, आणि सोय १४४ रोग्यांची. आज त्याच आवारात किती गर्दी असते हे पुणेकरांना आम्ही सांगावयास नको. १८७० नंतरच्या काही वर्षांत मुंबईला गोकुळदास तेजपाल रुग्णालय झाले. १८८६ साली पेस्तनजी होरमसजी कामा यांच्या देणगीतून बायकामुलांसाठी कामा रुग्णालय उघडले. त्याच्या बांधकामावर मंचरजी मर्झबान या देशी इंजिनियराची देखरेख होती आणि तेथे प्रमुख वैद्य म्हणून एडिथ पीची या बाई आल्या. स्वतः त्यांना एडिंबरोच्या विद्यापीठात वैद्यक शिकण्यासाठी भांडावे लागले होते. त्याच १८८६ साली कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्रियांच्या वॉर्डाचे प्रमुखपद डॉ. आनंदीबाई जोशी यांना देऊ केले होते. वॉर्ड तयार होता. पण त्या क्षयाने खचल्या होत्या आणि १८८७ च्या फेब्रुवारीत पुण्यात त्यांचे निधन झाले. वॉर्ड बांधता येतो. त्यात बसणारी बाई घडवायला समाजाला किती काळ लागतो आणि ती गमवायला किती थोडा, हे या एका उदाहरणावरून दिसते.

दात्यांच्या नावाच्या संगमरवरी पाट्या आपण वाचतो. त्या वाचाव्यात, नमस्कारही करावा. पण हा पैसा कोठून आला हेही वाचकाने विसरू नये. चीनशी होणारा व्यापार, त्यात अफूचा मोठा हिस्सा. नंतर १८६१ ते १८६५ या अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात कापसाला आलेला सोन्याचा भाव. मागाहून गिरण्या. दात्यांनी दान केले नसते तर कोणी त्यांना विचारणार नव्हते, तेव्हा त्यांचे श्रेय त्यांचेच. मात्र या दगडांत नफ्याबरोबर शेतकऱ्याचा कापूस आणि गिरणीतल्या माणसाची फुप्फुसेही चिणलेली आहेत. म्हणून सार्वजनिक रुग्णालय ही आम्ही कृपा मानीत नाही. ती परतफेड आहे, आणि ती पुरी झालेली नाही.

आणखी एक भेद इमारतींनी जपून ठेवला आहे. युरोपियनांचे रुग्णालय वेगळे. किल्ल्याच्या जुन्या जागेवरचे ते रुग्णालय पुढे सेंट जॉर्ज नावाने ओळखले गेले. देशी लोकांची वेगळी. आणि देशी इमारतींतही एक भेद होता, तो समोरून दिसत नाही. जुन्या मुंबईच्या अनेक इमारतींच्या पाठीमागे लोखंडी गोल जिना असतो. पाहुण्यांना तो शोभेचा वाटतो. तो भंगी कामगारांसाठी होता. मैला उचलणाऱ्या माणसाने मुख्य जिन्याला पाय लावू नये म्हणून ही सोय. संडास वॉर्डाच्या टोकाला ठेवावेत ही नाइटिंगेल बाईंची सूचना आरोग्याची होती. पण येथल्या समाजाने संडासाबरोबर तो साफ करणाऱ्या माणसालाही टोकाला ठेवले. आरोग्यशास्त्र विलायतेहून आले, त्यात जात आपण घातली. आमच्या संघटनेतल्या कित्येकांचे आजे-पणजे याच जिन्याने चढले-उतरले आहेत.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला. मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी सप्टेंबरात तो ओळखला. मग सक्तीने रोगी उचलून नेणे सुरू झाले. ऑक्टोबरात आर्थर रोडच्या संसर्गजन्य रोगांच्या रुग्णालयावर सुमारे हजार गिरणी कामगार चालून गेले. वरच्या वर्गाने त्यांना अडाणी म्हटले. आम्ही त्या प्रसंगाचा पुष्कळ विचार केला आहे. हे लोक कोण होते? रत्नागिरी-साताऱ्याकडून आलेले, चाळीत दाटीवाटीने राहणारे. त्यांच्या डोळ्यांदेखत शेजारीण उचलून नेली जात होती आणि बहुधा परत येत नव्हती. आत काय चालते ते दिसत नव्हते. घरच्या माणसाला आत प्रवेश नव्हता. ज्या इमारतीत फक्त पोलिसाच्या हाताला धरून शिरावे लागते तिच्यावर गरिबाचा विश्वास कसा बसावा? हल्ला समर्थनीय नाही. परंतु रुग्णालय बांधणाऱ्याने दगड-चुन्याइतकाच विश्वासही बांधावा लागतो, हा धडा त्या दिवशी शहराला मिळाला.

विश्वास कसा असतो ते त्याच साथीत पुण्याजवळ दिसले. सावित्रीबाई फुले यांचे चिरंजीव डॉ. यशवंत यांनी हडपसरजवळ ससाण्यांच्या मळ्यात प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना उघडला. तेथे ना मनोरा ना कमान. मोकळे रान आणि त्यातली उपचाराची सोय. सावित्रीबाई स्वतः रोगी आणून पोचवीत आणि त्यातच १० मार्च १८९७ रोजी त्या प्लेगने गेल्या. त्या दवाखान्याचा दगड आज दाखवता येत नाही. पण सार्वजनिक रुग्णालयाचा इतिहास सांगताना आम्ही तो वगळू शकत नाही.

परळला याच साथीने एक उलथापालथ केली. तेथे गव्हर्नरांचा जुना बंगला होता. मुळात पोर्तुगीज काळातला ख्रिस्ती पाद्र्यांचा मठ, मग कंपनी सरकारच्या ताब्यात जाऊन गव्हर्नरांचे निवासस्थान. गिरण्यांचा धूर भोवती वाढला तसे राज्यकर्ते मलबार हिलकडे सरकले. प्लेगच्या वेळी तेथे रोग्यांची सोय झाली आणि १८९९ साली वाल्डेमार हाफकिन यांची प्रयोगशाळा तेथे आली. या शास्त्रज्ञाने १८९७ च्या जानेवारीत आपली प्लेगची लस आधी स्वतःच्या अंगात टोचून घेतली होती. जेथे मेजवान्या झडल्या तेथे लसीच्या बाटल्या भरू लागल्या. १९२५ पासून ती संस्था हाफकिन यांचे नाव धारण करून आहे. साहेबाचा बंगला जनतेच्या उपयोगी पडावा तो असा.

आता हवेच्या हिशेबाकडे वळू. क्रिमियाच्या अनुभवानंतर इंग्रजी सैन्यासाठी नियम ठरला की बराकीत दर शिपायामागे ६०० घनफूट आणि रुग्णालयात दर रोग्यामागे १,२०० घनफूट जागा असावी. हा आकडा आम्ही वाचला तेव्हा कागद-पेन्सिल घेतली. १९२० नंतरच्या काही वर्षांत गव्हर्नर लॉइड यांच्या योजनेतून वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी येथे बी.डी.डी. चाळी उभ्या राहिल्या. एकूण २०७ इमारती. प्रत्येक खोली १६० चौरस फुटांची. छत दहा फूट उंच धरले तर खोलीत १,६०० घनफूट हवा. घरात सहा माणसे धरली तर माणशी भरते २६६. म्हणजे आजारी शिपायाला १,२००, धडधाकट शिपायाला ६००, आणि धडधाकट गिरणी कामगाराला, त्याच्या बायकोला, पोराला २६६. आणि बी.डी.डी.ची खोली ही त्या काळी बरी खोली! गावाकडून एकट्या आलेल्या माणसांच्या गाळ्यात तर पाळीपाळीने झोपत. एकाने वळकटी गुंडाळली की दुसऱ्याने पसरायची.

याचा अर्थ असा की, परळच्या कामगाराला आयुष्यात पहिल्यांदा पोटभर हवा मिळायची ती तो आजारी पडून रुग्णालयात गेल्यावर. आमचे वडील ही गोष्ट हसत सांगत. टायफॉइडने ते तीन आठवडे वॉर्डात होते. म्हणत, “इतकी शांत झोप मला ना गावात लागली, ना चाळीत. डोक्यावर छत होतं ते इतकं उंच, की छत आहे हेच विसरायला व्हायचं.” लहानपणी आम्हांस हा विनोद वाटे. आज तो एक आरोप वाटतो.

वडील ज्याविषयी बोलत ते परळचे के.ई.एम. रुग्णालय. सातव्या एडवर्डच्या स्मारक निधीतून कल्पना निघाली, महापालिकेने ते उभारले आणि १९२६ च्या जानेवारीत ते उघडले. गेट वे ऑफ इंडियाचे आणि म्युझियमचे वास्तुकार जॉर्ज विटेट हेच त्याचे वास्तुकार. परंतु आमच्या मते त्या इमारतीतली सर्वांत मोठी कमान दगडाची नाही. ती एका अटीची आहे. शेठ गोर्धनदास सुंदरदास यांच्या विश्वस्तांनी तेथील मेडिकल कॉलेजसाठी देणगी दिली ती या अटीवर की, शिकवणारे सारे पात्र हिंदी असले पाहिजेत. सरकारी कॉलेजात मोठ्या जागा गोऱ्यांकडे असण्याचा तो काळ. डॉ. जीवराज मेहता त्याचे पहिले डीन. हेच पुढे १९६० साली गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झाले. शेजारीच त्याच वर्षी नौरोजी वाडिया प्रसूतिगृह आले. गिरण्यांच्या चिमण्यांच्या ऐन मध्यावर ही रुग्णालये उभी राहिली, म्हणजे अपघात झालेल्या माणसाला हातगाडीवर घालून नेता येईल एवढ्या अंतरावर. तीस वर्षांपूर्वी ज्या लोकांनी आर्थर रोडवर दगड मारले होते, त्यांचीच मुले-नातवंडे परळला आपणहून रांग लावू लागली. रुग्णालय आपले वाटू लागले. आज गिरण्या नाहीत, चिमण्या मोजक्या उरल्या आहेत, पण ती रांग आहे.

आता ज्यासाठी हा सारा पसारा मांडला त्या गोष्टीवर येतो. एका मोठ्या सार्वजनिक रुग्णालयात, नाव घेत नाही, जुन्या वॉर्डाचा रुंद व्हरांडा काही वर्षांपूर्वी विटा आणि काचा लावून बंद केला. आत केबिनी झाल्या, दप्तर ठेवण्याच्या खोल्या झाल्या. उंच खिडक्यांची वरची अर्धी तावदाने खिळे मारून पक्की केली. जुन्या छताखाली पांढरे खोटे छत आले. त्या वॉर्डातल्या एक मावशी आमच्या संघटनेच्या जुन्या सभासद. रुग्णालयात आयांना सारे मावशी म्हणतात, वॉर्डबॉयला मामा. त्या आम्हांस म्हणाल्या, “भाऊ, आधी वॉर्डात उभं राहिलं की पदर उडायचा. आता अंगावरचा घाम वाळत नाही.” पुढच्या वर्षी त्यांना क्षय झाला. तो त्या वॉर्डातच झाला असे आम्ही सिद्ध करू शकत नाही आणि तसा दावाही करीत नाही. आम्ही प्रशासनाकडे एवढेच मागितले की तावदाने उघडा. उत्तर आले की इमारतीच्या बांधकामात लक्ष घालणे हे कामगार संघटनेचे काम नव्हे.

मग आम्ही वाचायला बसलो. २००७ साली पेरू देशातल्या लिमा शहराच्या आठ रुग्णालयांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. दारेखिडक्या उघडल्या की खोलीतली हवा तासाला सरासरी २८ वेळा बदलते, असे त्यात आढळले. यंत्राच्या खोल्यांसाठी शिफारस होती १२ वेळांची. उपचार सुरू न झालेल्या क्षयरोग्याबरोबर एक दिवस राहिल्यास किती जणांना लागण होईल याचे त्यांनी गणित मांडले. यंत्राने हवा देणाऱ्या खोलीत शेकडा ३९, नव्या धर्तीच्या खिडक्यांच्या खोलीत ३३ आणि १९५० पूर्वी बांधलेल्या उंच छताच्या, मोठ्या खिडक्यांच्या जुन्या खोलीत ११. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली नैसर्गिक वायुवीजनावर मार्गदर्शिकाच काढली. हवेतून पसरणाऱ्या रोगाच्या खोलीत दर रोग्यामागे सेकंदाला १६० लिटर ताजी हवा हवी, असे ती सांगते. २०२० ची महामारी आली तेव्हा बंद, थंडगार खोल्यांतून लोक बाहेर व्हरांड्यात पळाले आणि सगळ्या जगाला खिडकीची आठवण झाली. दीडशे वर्षांपूर्वीची ती चुकीच्या सिद्धान्तावरची खिडकी शेवटी बरोबरच ठरली.

हे कागद घेऊन आम्ही पुन्हा वाटाघाटीला बसलो. फार मोठा विजय सांगत नाही. व्हरांडा परत मिळाला नाही. तावदाने मात्र उघडली गेली, आणि काही पंखे नवे लागले. मावशी औषधे पुरी घेऊन बऱ्या झाल्या आणि कामावर परत आल्या.

कोणी विचारील की तुम्ही जुन्या दगडांचे भक्त झालात काय? मुळीच नाही. जुन्या वॉर्डात आडोसा नव्हता. बाईच्या अब्रूची आणि मरणाऱ्याच्या शांततेची तेथे नीट व्यवस्था नव्हती. आणि तीस खाटांच्या दालनात साठ-सत्तर रोगी आणि जमिनीवरच्या गाद्या मांडल्या तर नाइटिंगेल बाईंचे घनफूटही निम्म्यावर येतात. शस्त्रक्रियेच्या खोलीला, अतिदक्षता विभागाला गाळलेली, यंत्राने दिलेली हवा लागतेच. तेथे खिडकी उघडी टाका असे कोणी शहाणा म्हणणार नाही. पावसात गळणारे छत वारसा म्हणून रोग्याच्या अंगावर गळू द्यावे असेही नाही. जुने पाडावे लागले तर पाडा. पण पाडण्याआधी ते तसे का बांधले होते हे विचारा. पुरातत्त्वाचे लोक कमानीचे मोजमाप घेतात, कंत्राटदार चटईक्षेत्राचे घेतो. रोग्याच्या वाट्याच्या हवेचे मोजमाप कोण घेणार? आणि त्याच हवेत रोज आठ-आठ तास श्वास घेणाऱ्या मामा-मावशींना नकाशा दाखवण्याची चाल आपण केव्हा पाडणार?

श्रोतेहो, तुमच्यापैकी बहुतेकांचे कोणी ना कोणी सार्वजनिक रुग्णालयात राहिलेले असेल. पुढच्या वेळी डबा घेऊन जाल तेव्हा घटकाभर थांबून वर पाहा. छत किती उंच आहे, समोरासमोरच्या खिडक्या उघड्या आहेत की खिळे मारलेल्या, व्हरांड्यात रोग्याचे नातेवाईक बसले आहेत की फायलींची कपाटे. काही बंद दिसले तर तेथल्या मावशीला विचारा की हे केव्हापासून बंद आहे. तिला तारीख ठाऊक असते. ती लिहून घ्या आणि आमच्याकडे नाही तर तुमच्या नगरसेवकाकडे आणून द्या. पुढच्या वाटाघाटीला आम्हांस ती लागणार आहे.